गाठ चिल्लरशी आहे

मराठीत गाठ हा शब्द तसा चांगल्या घराण्यातला. लग्नाची गाठ असते, ती म्हणे स्वर्गात बांधतात. म्हातारपणी गाठीला चार पैसे असावेत, असं आमच्या बँकेच्या भिंतीवरचं पत्रकसुद्धा सांगतं. पाडव्याला साखरेची गाठी येते. जुना मित्र रस्त्यात भेटला तर गाठ पडली म्हणतात आणि त्यानं उसने पैसे मागितले तर कुठून गाठ पडली म्हणतात. पण हाच शब्द कातडीखाली सापडला की घरातल्यांचा आवाज बसतो. आमच्या घरात तो एका गुरुवारी संध्याकाळी सापडला. चिल्लरच्या जबड्याखाली, डाव्या बाजूला.

चिल्लर हा आमचा कुत्रा. जात पॉमेरियन, असं देणाऱ्यानं सांगितलं. आम्ही कागदपत्रं मागितली नाहीत. वजन सहा किलो, पैकी दोन किलो नुसते केस. वीस वर्षं कॅश काउंटरवर काढलेल्या माणसाच्या कुत्र्याचं नाव दुसरं काय असणार? आकारानं लहान, आवाज फार, आणि नेमका गरजेच्या वेळी सापडत नाही.

राहायला आम्ही केळापूर तालुक्यात. तालुक्याचं नाव केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्याला, त्यामुळे नवीन खातेदार फॉर्मवर पत्ता लिहिताना हमखास पेन उचलून माझ्याकडे बघतो. इतिहासात आमच्या मुलखाचं नाव दोनदा आलं. १८१८ च्या एप्रिलात दुसरे बाजीराव पांढरकवड्याजवळ इंग्रजांकडून हरले आणि तिथूनही पळाले, तेव्हा एकदा. त्यानंतर एकदम २०१८ साली, अवनी वाघिणीच्या वेळी. तिच्या शोधासाठी परदेशी जातीचे दोन दांडगे कुत्रे आणले होते. ती बातमी टीव्हीवर लागली की चिल्लर पलंगाखाली जाई. मधल्या दोनशे वर्षांत आमच्याकडे काही घडलंच नाही असं नाही; छापून आलं नाही इतकंच.

तर चिल्लर आठ वर्षांचा झाला आणि त्याच्या तोंडाला वास येऊ लागला. तोंडाला वास येतो हे माणसाला सांगायची हिंमत होत नाही आणि कुत्र्याला सांगून उपयोग होत नाही. मुलानं मोबाइलवर शोधून काढलं की कुत्रा वासराएवढा असो की सशाएवढा, निसर्गानं सगळ्यांना सरसकट बेचाळीस दात मंजूर केलेत. आपल्याला बत्तीस. आता पॉमेरियनच्या जबड्यात बेचाळीस म्हणजे वन रूम किचनमध्ये लग्नाचं वऱ्हाड. दातांना दात खेटतात, मध्ये अन्न अडकतं, त्यावर पिवळा दगड चढतो, हिरड्या सडतात. म्हणून दातांचं दुखणं लहान जातींमध्ये जास्त. उपाय एकच. कुत्र्याला भूल देऊन दात साफ करायचे आणि जे कामातून गेले ते काढायचे. त्यासाठी नागपूर गाठायचं, दीडशे किलोमीटर.

आईचा या प्रकरणाला पहिल्यापासून विरोध.

"कुत्र्याचे दात कोणी काढते का रे? आमच्या वावरातल्या मोत्यानं जल्मात दात नाही घासले."

"मोत्या किती वर्षं जगला, आई?"

"त्याले बिबट्यानं नेलं," आई म्हणाली. यावर वाद घालता येत नाही.

मी मात्र हट्टाला पेटलो. माझ्या स्वतःच्या दातांवर जन्मात केला नाही एवढा खर्च करून आम्ही चिल्लरचे तीन दात नागपूरला ठेवून आलो. परत येताना गाडीत तो हिच्या मांडीवर, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले, अगदी आमच्या ऑडिटरसारखा. दोन दिवस दूधभात खाल्ला. तिसऱ्या दिवशी आई त्याच्या गळ्याखाली खाजवत होती. तिचा हात थांबला. तिनं तो चटकन मागे घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "गाठ आली."

वाचकहो, त्या दोन शब्दांनी माझी पंचेचाळिशीची आणि बी. कॉम.ची सगळी प्रौढी उतरली. हट्ट माझा होता. नागपूरला मी नेलं होतं. ही काही बोलली नाही, आणि ही बोलत नाही तेव्हा बरंच काही बोलत असते.

पण मला जास्त आठवतो तो आईचा चेहरा. आमच्या घराण्यात गाठ या शब्दाला एक जुना इतिहास आहे. आईची आजी वणीकडच्या एका खेड्यातली. ती पाच-सहा वर्षांची असताना गावात गाठीचा ताप आला. प्लेग. उंदीर पडू लागले की गाव रिकामं करायचं आणि वावरात झोपड्या घालून राहायचं, अशी तेव्हाची रीत होती. आजीच्या थोरल्या बहिणीला काखेत गाठ आली. सांगितलं तर आपल्याला वेगळं काढतील, म्हणून त्या पोरीनं दोन दिवस हात अंगाशी घट्ट धरून ठेवला आणि कोणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी हात आपोआप सैल पडला. आईनं ही गोष्ट आम्हाला लहानपणी अनेकदा सांगितली. दरवेळी शेवटी ती आमच्या काखेत हात घालून बघायची. आम्हाला गुदगुल्या व्हायच्या.

ही काही एका घराची गोष्ट नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि बघता बघता अर्धी मुंबई गाड्यांत बसून गावोगाव निघाली. सोबत रोगही निघाला. पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा छोटा, चार-दोन कलमांचा, पण बळकट. थेट २०२० साली कोरोनाच्या वेळी तोच कपाटातून बाहेर काढला. पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घरोघर शिरले. शोधत काय होते? गाठ! काखेत, जांघेत, मानेत. गाठ सापडली की माणूस हॉस्पिटलात आणि घरचे सेग्रिगेशन कँपात. आयाबायांच्या अंगाला परक्या शिपायांनी हात लावला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती याच संतापातून. त्याआधी मार्चात, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. आणि गंमत बघा, या सगळ्या कल्लोळात गाठीची स्वतःची बाजू कोणी ऐकूनच घेतली नाही. हाँगकाँगला १८९४ साली येर्सिन नावाच्या डॉक्टरनं प्लेगचा जंतू शोधला तो मेलेल्या माणसाच्या गाठीतूनच. प्रेतांपर्यंत पोहोचायला त्याला खलाशांच्या हातावर पैसे ठेवावे लागले, असं सांगतात. म्हणजे चोर सापडला तो चौकीतच, पण लोकांनी धसका घेतला तो चौकीचा. हे अर्थात मला मागाहून कळलं. त्या गुरुवारी मीही चौकीलाच घाबरलो होतो.

शुक्रवारी बँकेत मी दोनदा पैसे चुकीचे मोजले. कारण विचारताच सगळ्या शाखेला कळलं आणि सल्ले जमा होऊ लागले. काढून घ्यायला कोणी तयार नव्हतं, नुसतं जमा. हळद-चुन्याचा लेप लाव. एरंडाचं पान गरम करून बांध. लोन सेक्शनच्या मित्रानं खांद्यावर हात ठेवला.

"माझ्या साळ्याच्या लॅब्राडॉरले सेम असंच झालं होतं."

"मग?"

"गेला ना."

एवढं सांगून तो चहा प्यायला निघून गेला. आमचा शिपाई तेवढा शांत होता. "काही नाही जी साहेब, अवधाण आलं हाय. पायात काटा मोडला का जांघेत येते ना, तसंच. दात काढला, जबड्याखाली आलं." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मोबाइलवर तीस पानं वाचलेला माणूस शिपायाचं ऐकत नसतो.

संध्याकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. आपल्याकडे हे शास्त्र मुळात घोड्याबैलांसाठी आलं. मुंबईत परळला व्हेटर्नरी कॉलेज निघालं १८८६ साली, नागपूरला १९५८ साली. सुरुवातीच्या सरकारला काळजी पलटणीच्या घोड्यांची आणि नांगराच्या बैलांची. पॉमेरियन कोणाच्या हिशेबात नव्हता. त्या दिवशीही बाकड्यावर आमच्याआधी एक गोऱ्हा, दोन शेळ्या आणि एक कोंबडा होता. चिल्लर कोंबड्यावर भुंकला. कोंबड्यानं नुसतं बघितलं. चिल्लर माझ्यामागे आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी चिल्लरचं तोंड उघडून जखम पाहिली आणि मग तोंडाकडे बघायचं सोडून खांद्यांच्या पुढे, काखेत, जांघेत आणि मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे चाचपायला लागल्या. मला वाटलं, बाई नवीन आहेत, जबडा सापडत नाहीय.

"सर, बोट द्या इकडे," त्या म्हणाल्या. "ही बघा, तुमची गाठ. सरकते आहे, दाबल्यावर थोडी दुखते. दात याच बाजूचे काढले ना? मग ठीक आहे. आता उजवीकडे बघा."

मी उजवीकडे चाचपलं आणि किंचाळलो, "इथेपण आहे!"

"ती लाळेची ग्रंथी. ती असायलाच पाहिजे. तुम्हालापण आहे."

मग त्यांनी समजावलं. दातांच्या मुळाशी जंतूंची वस्ती असते. दात हलवला की ती उठते आणि रसवाहिन्यांतून खाली निघते. जबड्याखाली लसिका ग्रंथी असतात, तिथे त्यांना अडवून तपासतात. काम वाढलं की ग्रंथी सुजते. तोंडातली जखम भरत आली की दोनेक आठवड्यांत ती बसते. न बसली, वाढत गेली, टणक झाली, तर सुई घालून थेंबभर नमुना काढायचा आणि तपासायचा.

"आणि तुम्ही गुडघ्यामागे काय बघत होतात?"

"एकच गाठ असेल तर कारण जवळपास असतं. सगळीकडच्या एकदम सुजल्या तर मात्र मामला सगळ्या अंगाचा. गोचिडांचा ताप असू शकतो, लिम्फोमा नावाचा कॅन्सर असू शकतो. याच्या बाकीच्या ठीक आहेत. लेप, पानं, बिबा काही लावू नका. आणि सारखी दाबू नका."

आता हे मला लख्ख समजलं, कारण ते बँकेचं होतं. निराधार योजनेचे पैसे खात्यात पडले की आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसते. रांग पायऱ्यांवरून रस्त्यावर जाते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बँक बुडाली. बुडालेली नसते, त्या दिवशी ती जरा जास्त काम करत असते एवढंच. चार दिवसांनी आमच्याकडे पुन्हा माशा. पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी झाली आणि देशातली एकूणएक शाखा एकदम सुजली, तेव्हा दुखणं कुठल्या शाखेचं नव्हतं, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. बाई चिल्लरच्या गुडघ्यामागे नोटबंदी झाली आहे का, ते बघत होत्या.

त्या रात्री मला झोप लागेना, म्हणून गाठीची कुंडली काढायला बसलो. तिच्याकडे जाणाऱ्या रसवाहिन्यांचा शोध कोणी लावला? इटलीतल्या गास्पारे आसेल्ली नावाच्या सर्जननं, १६२२ च्या जुलैत. कशात? कुत्र्यात! मित्रांना मज्जातंतू दाखवायचे म्हणून त्यानं एक कुत्रा जिवंतपणी कापला. कुत्रा नुकताच जेवलेला होता. त्याच्या आतड्यांवरच्या पडद्यावर पांढरे धागे दिसले. आसेल्लीला आधी ते मज्जातंतूच वाटले. एक कापला तर दुधासारखा पांढरा रस आला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरा कुत्रा घेतला, तो उपाशी होता. धागे नाहीत! मग पुन्हा एक पोटभर जेवू घातलेला. धागे हजर. म्हणजे त्या कुत्र्यानं शेवटचं जेवण केलं ते शास्त्रासाठी.

हे वाचत होतो तेव्हा चिल्लर माझ्या पायावर झोपला होता. मी मोबाइल जरा तिरपा धरला.

आसेल्लीनं तिथे गाठींचा एक झुबकाही पाहिला, पण तो स्वादुपिंडाच्या नावे टाकला. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर. आम्हाला यासाठी मेमो मिळतो. त्याच्या नावानं तो झुबकाच पुढे ओळखला जाऊ लागला. रस यकृतात जातो, ही त्याची दुसरी चूक. तो १६२५ साली वारला आणि त्याचं पुस्तक, त्या काळात नवल वाटावं अशा रंगीत चित्रांसह, दोन वर्षांनी निघालं. यकृताची चूक दुरुस्त केली पेके नावाच्या फ्रेंच विद्यार्थ्यानं, तीही कुत्रा कापूनच. १६५२ साली स्वीडनच्या क्रिस्तिना राणीसमोर रूडबेक नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं अंगभर पसरलेल्या रसवाहिन्या दाखवल्या, त्याही कुत्र्यात. तिकडे डेन्मार्कात बार्टोलिन म्हणाला, आधी मला दिसल्या. दोघांचं जे भांडण जुंपलं ते आमच्या युनियनच्या दोन गटांनी शिकून घ्यावं असं. बार्टोलिन माणूस मात्र गमत्या. शरीराचं राज्य यकृताकडून गेलं म्हणून त्यानं यकृताचा मृत्युलेख लिहून छापला.

एवढं होऊनही गाठ नक्की करते काय, हे बाकीच होतं. तिथल्या पांढऱ्या पेशी रक्तातून गाठीत, गाठीतून रसात आणि पुन्हा रक्तात अशी गस्त घालत फिरतात, हे ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्सनं दाखवलं १९५९ साली. उंदरांमध्ये. म्हणजे फाइल उघडली १६२२ ला आणि महत्त्वाचा शेरा पडला तीनशे सदतीस वर्षांनी. आमचं पेन्शनचं प्रकरण अजून त्या मानानं कोवळं आहे. आणि आमच्या शिपायाच्या घरात जखम इथे अन् गाठ तिथे या गोष्टीला अवधाण हा शब्द केव्हापासून पडून होता, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी त्याला चहा पाजला. कारण सांगितलं नाही.

मग सुरू झालं मोजमाप. मी एका जुन्या डायरीत तारीखवार नोंद ठेवायला घेतली. पण एकक ठरेना. आईच्या मते गाठ आवळ्याएवढी, हिच्या मते बोराएवढी, मुलाच्या मते दोन सेंटिमीटर. तिसऱ्या दिवशी आम्ही बोरावर तडजोड केली. आईनं केळापूरच्या जगदंबेला नारळ बोलून ठेवला होता, तो तिनं डायरीत लिहू दिला नाही. देवीचा हिशेब वेगळा. सहाव्या दिवशी शेंगदाणा. आठव्या दिवशी मी घाबरून दवाखान्यात फोन केला की शेंगदाण्याखाली आणखी एक आहे. बाईंनी शांतपणे विचारलं, "लाळेची ना, सर?" तीच होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलाला चेव आला आणि त्यानं सगळ्यांना आपापली लाळेची ग्रंथी शोधायला लावली. हिला सापडली, मला सापडली, मुलाला उजवीकडेच सापडली म्हणून तो जरा गंभीर झाला. आई उठून भांडी आवरायला गेली. माझ्या ते ध्यानात आलं नाही. म्हणजे आलं, पण मी त्याची नोंद केली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी डायरीत तूर लिहिली. चिल्लर टोस्टवरून शेजारच्या मांजरीशी भांडला. आई देवघरातून बाहेर आली, माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली, मान वर केली आणि म्हणाली, "माही पाय जरा."

उजव्या जबड्याखाली होती. चांगली बोराएवढी. दाढ खालची, किडून काळी पडलेली.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"आई, आता संक्रांत झाली!"

"तुम्ही वेगळं काढाल वाटलं," ती म्हणाली. आणि मग स्वतःच हसली. मला हसता आलं नाही.

पांढरकवड्यातच दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी दाढ काढली आणि मानेवरून, गळ्याखालून तसाच हात फिरवला, जसा बाईंनी चिल्लरवर फिरवला होता. आई मला म्हणाली, "हा चिल्लरचाच डॉक्टर आहे का?" गाठ तीन महिन्यांची, म्हणून त्यांनी दोन आठवडे वाट बघायलाही नको म्हटलं. सुईनं नमुना घेऊन यवतमाळला पाठवला. त्या पाच दिवसांत मी काउंटरवर काय काय केलं ते ऑडिटमध्ये निघेलच. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला: जंतूंची सूज, बाकी काही नाही. नारळ वाढवायला सगळे केळापूरला गेलो, चिल्लरसकट. मला वाटत होतं एक नारळ. आईनं पिशवीतून दोन काढले.

डायरीत आता दोन रकाने आहेत. चिल्लरचा मोहरीवर बंद झाला. आईच्या रकान्यात काल मी वाटाणा लिहिला, तर तिनं चष्मा लावून वाचला आणि डायरी परत माझ्यासमोर टाकली.

"वाटाणा नाही, हरभरा आहे तो. लिहून देतो त चांगलं लिही."